मिक्स माल

रद्दीवाल्यानं माझ्या वहीवर हिशेब केला. साध्या वहीवर नव्हे. ज्या पानावर मी चार दिवस थरावर थर चढवत होतो त्याच पानावर, उजव्या कोपऱ्यात, निळ्या बॉलपेननं. मंगळवारची गोष्ट. आज शुक्रवार उजाडला तरी सांगताना धड हसू येत नाही आणि धड भांडताही येत नाही, कारण भांडायला माणूस आता थेट पुढच्या महिन्यात येणार.

वही त्याच्या हाती गेली कशी, ते दोन वाक्यांत उरकतो. आर्ट जर्नलचं (रोजनिशीसारखी चित्रांची-कात्रणांची वही) पान रंगवून-चिकटवून झालं की वही वजनाखाली ठेवावी लागते, आणि आमच्या घरात सपाट, जड आणि कुणालाच नको असलेली एकच वस्तू आहे, वर्तमानपत्रांचा गठ्ठा. आईनं गठ्ठा विकायला काढला आणि खालची वही गठ्ठ्याबरोबर पार्किंगमध्ये गेली.

वजन कशाला, तर कागद ओला झाला की फुगतो आणि सुकला की आक्रसतो. एकाच बाजूला रंग आणि फेव्हिकॉल बसले की ती बाजू ओढून धरते आणि पान तळलेल्या पापडासारखं वळतं. त्यावर इलाज म्हणजे पानाच्या पाठीलाही एक पातळ हात द्यायचा, म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढाताण होते. आणि पूर्ण सुकायच्या जरा आधी, हाताला गार लागतंय पण ओलं लागत नाही अशा वेळी, मध्ये बटर पेपर घालून दाबायचं. बटर पेपर विसरलात तर काय होतं ते पुढे येईलच.

मी धावत खाली पोचलो तेव्हा रद्दीवाल्या मामांनी आकड्याच्या काट्यावर सगळं एकदम टांगलं होतं. ७ किलो ७००.

"मामा, ती वही काढा. ती द्यायची नाही."

"थांबा की भाऊ. बघू तर द्या काय आहे."

आणि त्यांनी बघितली. इथे मला एक कबूल करायला हवं की आजवर ही वही इतक्या बारकाईनं कुणीही बघितलेली नाही. पाहुणे चार पानं उलटून "छान छंद आहे" म्हणतात आणि चहाचा कप तिच्यावरच ठेवतात. मामांनी मात्र तिची प्रतवारी केली. लासलगावला व्यापारी ट्रॉलीतला कांदा उचलतो, अंगठ्यानं दाबतो, पापुद्रा बघतो आणि शेतकऱ्याच्या तोंडाकडे न बघता भाव बोलतो, हुबेहूब तसं. आधी पानाची कड दोन बोटांत धरून चोळली.

"पत्रिकेचा कागद आहे. लग्नाच्या पत्रिकेचा."

बरोबर होतं. २०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम. शाळेच्या वहीचा कागद ६०-७० जीएसएमचा असतो; त्याला ओला ब्रश लागला की खालची तीन पानंही रडतात. मिक्स्ड मीडियाला, म्हणजे एकाच पानावर रंग, कागद, डिंक असं सगळं, २०० च्या खाली जाऊच नये, आणि पाण्याचं काम जास्त असेल तर ३०० घ्यावा. ए-फोर म्हणजे चौरस मीटरचा सोळावा हिस्सा, तेव्हा २०० जीएसएमचं एक पान साडेबारा ग्रॅम. माझ्या वहीत ४० पानं उरलीत, म्हणजे अर्धा किलो. 'उरलीत' अशासाठी की ती मुळात ६० पानी होती. चिकटवाचिकटवी सुरू झाली की वही गर्भार दिसायला लागते आणि शिवण फाटते; म्हणून सुरुवातीलाच दर तिसरं पान कापून टाकायचं. कापायचं हं, उपटायचं नाही. शिवलेल्या वहीत प्रत्येक पानाचा जोडीदार शिवणीपलीकडे असतो, एक उपटलं की दुसरं चार दिवसांनी आपोआप हातात येतं. शिवणीजवळ सेंटिमीटरभर पट्टी ठेवून कापलं की जोडीदार वाचतो.

"एवढा चांगला कागद नासवला कोणी?" मामांनी विचारलं.

"मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या इमारतीकडे पाहिलं, आणि पान उलटायला बोट जिभेला लावलं.

ते पान जलरंगाचं होतं. ॲक्रिलिक एकदा सुकलं की पाण्याला दाद देत नाही. जलरंग मात्र ओला केला की पुन्हा जागा होतो, मग ओलावा ब्रशचा असो की रद्दीवाल्याच्या जिभेचा. मामांचं बोट हिरवं झालं आणि माझ्या गोदाघाटाच्या पायऱ्यांवर एक सुबक अंगठा उमटला. "रंग कच्चा आहे," ते म्हणाले आणि बोट धोतराला पुसलं.

पुढची दोन पानं उघडेनात. मी ओरडायच्या आत त्यांनी ओढली. चर्रर्र. ॲक्रिलिकचा थर सुकल्यावरही प्लॅस्टिकच असतो आणि नाशिकच्या मे महिन्यात तो पुन्हा मऊ पडतो; समोरासमोरची दोन रंगीत पानं वजनाखाली ठेवली की ती एकमेकांना मिठी मारतात. बटर पेपर नसेल तर सुकलेल्या रंगावर मेणबत्ती हलकी घासून मऊ फडक्यानं पुसली तरी भागतं. पण हे सगळ्यात शेवटी करायचं, कारण मेणावर नंतर कुठलाच रंग बसत नाही. मी कुठेच बटर पेपर घातला नव्हता. डाव्या पानावरचा अर्धा काळाराम आता उजव्या पानावर आहे.

"हे जळालंय," पुढच्या पानावर बोट ठेवून मामा.

जळालं नव्हतं. ती दुकानाची पावती होती. आठवण म्हणून चिकटवली आणि लवकर सुकावी म्हणून हेअर ड्रायर मारला. पावतीचा कागद थर्मल असतो, त्यावर शाई नसतेच, उष्णतेनं अक्षर काळं पडतं. ड्रायरनं सगळी पावतीच अक्षर झाली. पावती ठेवायची असेल तर तिची झेरॉक्स चिकटवावी. आणि झेरॉक्सच, घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रत नको. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळते, ओला फेव्हिकॉल लागला की फोटोतल्या माणसाला काजळ ओघळतं.

"बिलाचा कागद आम्ही घेतच नाही," मामांनी निकाल दिला.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन आल्या आणि थांबल्या. नाशकात पार्किंगमध्ये दोन माणसं एका वस्तूकडे बघत उभी असली की तिसऱ्याला थांबावंच लागतं.

"क्लास लावलास का रे?"

"नाही काकू, घरीच करतो."

"विकतोस?"

"नाही."

"मग?"

हा 'मग' माझ्या फार डोक्यात जातो. या गावात रंगपंचमीला पेशव्यांच्या काळच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, उघडतात, फुलांचा रंग उकळून त्यात ओततात आणि भले भले त्यात धप्पा, म्हणजे धपकन उडी, मारतात. चार दिवस कानातून पिवळं निघतं. त्यांना कुणी 'मग?' विचारत नाही. कुणी रोज संध्याकाळी दोन तास क्रिकेट बघतो, त्यालाही नाही. पण मोठ्या माणसानं रविवारी दुपारी कात्री आणि डिंक हातात घेतला की एक तर त्याचा धंदा असावा लागतो, नाही तर त्याला काही तरी झालेलं असावं लागतं. "मन मोकळं होतं" असं सांगावं तर समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "काही टेन्शन आहे का?" आहे ना. पानं चिकटतायत.

आणि व्हिडिओवाले! "हाताशी असेल ते घ्या" म्हणून सुरुवात करतात आणि त्यांच्या हाताशी चाळीस स्टेन्सिलं आणि जेसोच्या तीन बाटल्या असतात. आपण दुकानात भाव विचारायला गेलो की तोंडाला फेस येतो. जेसो म्हणजे कागदाला रंग धरायला लावणारा पांढरा अस्तर. तो घरी होतो. एक भाग पांढरा ॲक्रिलिक, एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग खडूची बारीक पूड, आणि दाट ताकासारखं होईपर्यंत पाणी. पूड आधी पाण्यात कालवून गाळायची, नाही तर गुठळ्या राहतात. अंगाची पावडरही चालते, फक्त मग वहीला नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास येतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिस मात्र नको, ते वाटीतच दगड होतं. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्यायचे, पहिला आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. जाड थराला भेगा पडतात. स्टेन्सिलांच्या ऐवजी बुधवारच्या बाजारात मिळणारे रांगोळीचे छापे घ्यावेत. त्यांची भोकं बारीक असतात, म्हणून लेप श्रीखंडाइतका घट्ट हवा, आणि छापा सरळ वर उचलून लगेच धुवायचा. एकदा का लेप भोकात सुकला की छापा लक्ष्मीच्या पावलांऐवजी ठिपके काढतो.

असो. मामा तिकिटांच्या पानावर आले आणि प्रथमच त्यांचा चेहरा उजळला.

"ही टपालाची तिकिटं. याचं येतील काही."

देशाची टपाल तिकिटं १९२६ सालापासून नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जातात, त्यामुळे नाशिककराला तिकिटांबद्दल उगाचच घरचा अभिमान असतो. जुन्या पाकिटावरचं गोंदाचं तिकीट पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात ठेवलं की अलगद सुटतं. पालथं वाळवून मग पातळ डिंकानं लावायचं. मी पाकिटांवरची वीस तिकिटं अशी सोडवली होती.

"सुटतील का परत?"

"नाही. वरून मीडियमचा पारदर्शक लेप लावलाय."

मामांचा चेहरा पुन्हा मावळला. वही मिटून त्यांनी ती एकटीच काट्याला लावली. १ किलो २००. अर्धा किलो कागद होता. पुठ्ठ्यांचे शंभरेक ग्रॅम धरले तरी ६०० ग्रॅम निव्वळ माझी कला. आणि मला, वही विकायची नसताना, काय दुर्बुद्धी झाली देव जाणे. मी विचारलं, "किती येतील हिचे?"

"हिचे? काही नाही."

"काही नाही कसे? रद्दी चौदा रुपये किलो ना?"

"भाऊ, पेपरचा भाव वेगळा. वहीचा वेगळा, पुठ्ठ्याचा वेगळा. हा मिक्स माल आहे. कागद, कापड, प्लॅस्टिक, फेव्हिकॉल. मिलमध्ये कागद पाण्यात विरघळतो, हे विरघळत नाही. जाळीला चिकटून बसतं. मिलवाला अख्खी गाडी परत पाठवतो. मिक्सला भाव नसतो."

मिक्स्ड मीडियाची इतकी चोख व्याख्या मी कुठे वाचलेली नाही. बरं, माणूस खोटंही बोलत नव्हता. फेव्हिकॉल आणि ॲक्रिलिक लगद्यात खरोखरच विरघळत नाहीत, त्यांचे चिकट गोळे होतात. काकूंनी "बघ" अशा अर्थानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यांच्या मेथीला तरी भाव होता.

मग हिशेब. मामांनी खिसे चाचपले, कागद सापडेना. समोर सात किलो कागद पडलेला. त्यांनी माझी वही उघडली. नेमकं ताजं पान उघडलं. त्या पानावर डावीकडे जुन्या बसतिकिटांच्या पट्ट्या, त्यावर विटकरी ग्लेझचा, म्हणजे पातळ पारदर्शक रंगाचा, हात, खाली छाप्यानं उठवलेली नक्षी. आणि उजवा कोपरा मी मुद्दाम कोरा ठेवला होता. नुसता जेसो. चार दिवस सगळ्यात जास्त विचार मी त्या कोऱ्या जागेचा केला होता, कारण सगळं भरून टाकणं सोपं असतं.

"मामा, तिथे नको!"

"जागा मोकळी आहे की," म्हणत त्यांनी लिहिलं. ७.७०० वजा १.२००, बरोबर ६.५००. गुणिले १४. बरोबर ९१. खाली दोन रेघा.

यातली खरी जखम पुढे आहे. खडूच्या पुडीमुळे जेसोचा पृष्ठभाग खरखरीत असतो. साडेतीनशे रुपयांचं माझं बारीक टोकाचं पेन त्यावर दोन शब्द लिहितं आणि टोकात पूड अडकून मुकं होतं. मामांचं पेन सुरुवातीपासून शेवटच्या रेघेपर्यंत एकदाही अडखळलं नाही. टोकाला गोळी असल्यानं ते खरखरीवरून घरंगळत जातं, हे मला माहीत होतं, पाहवत नव्हतं.

"पेन कुठलं हो?"

"मोबाइलच्या दुकानात फुकट देतात," म्हणून त्यांनी ते खिशाला लावलं आणि माझ्या हातावर नव्वद रुपये ठेवले. रुपया सुटा नव्हता.

रात्री मी त्या आकड्यांवर जेसोचा एक हात दिला. सकाळी आकडे फिकट निळे होऊन वर आले होते. बॉलपेनच्या शाईतला रंग पांढऱ्या थरातून वर झिरपतो. आधी लाखेचा पातळ हात देऊन शाई कोंडायला हवी होती, मग वर पांढरा. रागाच्या भरात ते राहिलं. बुधवारी दुसरा हात दिला, काल तिसरा. वजाबाकी गेली, गुणाकार गेला. ९१ अजून दिसतायत. मिळाले ९०.