१ चौकटवर आधी इस्पिकच का, २ चौकट का नाही

नमस्कार. ब्रिजच्या बोलीवरच्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया पूर्ण वाचली, मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की पार्टनरने १ चौकट उघडलीय (म्हणजे पहिली बोली, चौकट हुकूम ठेवून सात हात), आपल्याकडे पाच चौकट आहेत, तर सरळ २ चौकट बोलून मोकळं व्हावं, राणीवरच्या चार फुटकळ इस्पिकांवर १ इस्पिक बोलणं ही पार्टनरची दिशाभूल. मला हे अजिबात पटत नाही.

१ इस्पिक म्हणजे किमान चार पानं आणि किमान सहा पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), बस. पानं भारी आहेत असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. उलट २ चौकट बोललात की पार्टनर धरून चालतो की तुमच्याकडे चार पानी मेजर (इस्पिक किंवा बदाम) नाही, मग त्याच्याकडे चार इस्पिक असले तरी तो विषय तिथेच संपला. दिशाभूल होते ती इथे.

आणि "पार्टनरकडे इस्पिक असते तर त्याने आधी तेच उघडले असते" हे तुमचं म्हणणंही बरोबर नाही. पाच पानी मेजर खेळणारा (म्हणजे पाच पानं असतील तरच मेजर उघडणारा) चार इस्पिकांवर १ इस्पिक उघडतच नाही, आणि अ‍ॅकॉलसारख्या चार पानी मेजरच्या पद्धतीतसुद्धा पाच चौकट नि चार इस्पिक असतील तर लांब सूट आधी, म्हणजे चौकटच.

आता लेखातलीच पानं घ्या. तुमच्याकडे इस्पिक राणी-९-६-२, बदाम ७-४, चौकट राजा-गुलाम-८-५-३, किल्वर ८-४. पार्टनरकडे समजा इस्पिक राजा-गुलाम-७-३, बदाम एक्का-६, चौकट एक्का-राणी-९-६-४, किल्वर ७-३. इस्पिक ३-२ फुटले तर इस्पिकचा एक्का, एक बदाम, दोन किल्वर एवढेच हात जातात, हुकूम चौकट ठेवा नाहीतर इस्पिक, हात नऊच. पण चौकटीत नऊ हातांचे ११० गुण आणि इस्पिकमध्ये १४०, पेअर्समध्ये (जिथे तीच पानं खेळणाऱ्या इतर जोड्यांशी तुलना होते) हा फरक किती मोठा ते तुम्हाला माहीतच आहे. शिवाय बदामाची नऊ पानं विरोधकांकडे आहेत, ते काय गप्प बसणार? ते ३ बदामपर्यंत गेले तर तुम्ही ३ इस्पिक बोलून करार पूर्ण करता, नुसती चौकट सापडलेली असेल तर ४ चौकट बोलावं लागतं आणि एक हात कमी पडतो.

पार्टनरकडे इस्पिक नसतील तर तो २ किल्वर किंवा २ चौकट बोलेल, चौकट कुठे पळून जात नाही, दोनच्या लेव्हलवर थांबता येतं. तो १ नोट्रम्प (हुकमाशिवाय) बोलला आणि तुम्ही टू-वे चेकबॅक (त्यानंतर २ किल्वर आणि २ चौकट या दोन्ही ठरलेल्या सांकेतिक बोली) खेळत असाल तर मात्र २ चौकट गेम फोर्सिंग होतं, म्हणजे गेमच्या आधी थांबता येत नाही, तिथे आधी २ किल्वर बोलायचं, तो २ चौकट बोलतो आणि तुम्ही पास.

चार पानी मेजर नसेल तर माझंही मत रेझच, म्हणजे पार्टनरचाच रंग वाढवणं. फक्त इन्व्हर्टेड मायनर (चौकट-किल्वरमध्ये दोनचा रेझ ताकदीचा, तीनचा कमजोर) खेळत असाल तर या ताकदीला २ चौकट चालणार नाही, तिथे ३ चौकट हा कमजोर रेझ. आणि १ किल्वरवर रेझ देताना पाच किल्वर हवेत, कारण ते ओपनिंग तीन पानांवरही येतं.