तीन टिंबांपायी गेलेली बस

परत तेच. संध्याकाळचे सहा वाजलेत, हिंजवडीतून माझी बस दहा मिनिटांत सुटणार, आणि मी रीडमीमधला, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमधला, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारून कमिट मारतोय, म्हणजे बदल नोंदवतोय. एक अक्षर! तरी प्री-कमिट, म्हणजे कमिटआधीची आपोआप तपासणी, लाल. ब्लॅकन-डॉक्स, म्हणजे अशा फाइलींतला पायथन कोड 'ब्लॅक' या फॉरमॅटरने नीट मांडणारं टूल, म्हणतं, कोड ब्लॉक पार्स होत नाही, म्हणजे त्याला वाचताच येत नाही.

कुठला ब्लॉक? मी हातही न लावलेला. कुणीतरी कधीकाळी उदाहरण देऊन ठेवलंय: डिक्शनरीत एक की, एक व्हॅल्यू, स्वल्पविराम आणि मग तीन टिंबं. म्हणजे 'वगैरे वगैरे'. वाचणाऱ्याला कळतं हो ते! पण पायथनला टिंबं सुट्या ओळीवर चालतात, डिक्शनरीत की-व्हॅल्यूच्या जोडीऐवजी चालत नाहीत. टूलचं चुकलं असंही म्हणता येत नाही, जास्त चिडचिड त्याचीच होते.

टिंबं काढली. पुन्हा लाल, कारण आता टूलने फाइल 'सुधारली'. परत अ‍ॅड, परत कमिट. डिफ, म्हणजे काय काय बदललं ते, बघतो तर एका ओळीत नेटकी बसवलेली यादी सहा ओळींवर वाळत घातलेली. ब्लॅकची ओळीला ८८ अक्षरांची मर्यादा! आमच्या प्रोजेक्टात १०० आहे, पण ती पायप्रोजेक्ट टॉमल या सेटिंगच्या फाइलमध्ये. हे ब्लॅकन-डॉक्स महाशय ती वाचत नाहीत, कमांडमध्ये वेगळी सांगावी लागते.

चुका सोडून पुढे जाणारा स्किप-एरर्सचा पर्याय लावून सुटावं, तर रिव्ह्यूला बसलेले आमचे सीनियर लिहितात, "असं नको करूस रे." मग तुम्हीच करा ना साहेब.

बस केव्हाच गेली. आता वाकडपर्यंत रिक्षा बघतो.