स्टेपनी न्यायची? टायरवर इतका अविश्वास बरा नव्हे

मिनीव्हॅन घेऊन लांबच्या, निर्जन रस्त्याला लागायचं ठरलंय ना? मग आधी डिकी उघडून बघा. तिसऱ्या रांगेमागे जागा जेमतेम, आणि बरोबर येणार सात माणसं. सात जणांच्या बॅगा, पांघरुणं, पाण्याचे कॅन, घडीच्या खुर्च्या, शिवाय कुणाची तरी गिटार. त्यात वीसेक किलोचं एक अख्खं चाक निव्वळ 'लागलंच तर' म्हणून न्यायचं? गिटार निदान वाजवता तरी येते.

गाडी बनवणाऱ्यांनी हा विचार तुमच्या कितीतरी आधी केलाय. म्हणून तर बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. तिच्या जागी कुठे बॅटरी बसते, कुठे घडी होऊन जमिनीत जाणारी सीट. तुमच्या हाती येते एक बाटली आणि बारा व्होल्टवर चालणारा चिमुकला कॉम्प्रेसर. बाटलीतलं सीलंट व्हॉल्व्हमधून टायरात सोडायचं, हवा भरायची, थोडं अंतर गाडी फिरवायची, की भोक आतून बुजतं. भोक मात्र टायरच्या नक्षीत हवं आणि साधारण 6 मिलिमीटरच्या आतलं हवं. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, चिरली किंवा रिम वाकली, तर बाटलीचा इलाज चालत नाही. पण काळजी नको. तुम्ही निघालाय त्या कच्च्या रस्त्यावरचे दगड मोजमाप घेऊन, नेमकी जागा बघूनच टोचतात. बाटलीवर मुदत संपल्याची तारीख छापलेली असते, तेवढी वाचू नका. उगाच निघण्याआधी मन खट्टू होतं.

तुमच्या गाडीत स्टेपनी असेलच, तर बहुधा ती बारकी, तात्पुरत्या कामापुरतीच असेल. दिसायला गोड, पण अटी फार. ताशी 80 किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि बऱ्याच कंपन्या म्हणतात की 80 किलोमीटरच्या आसपासच चालवा. हवा मात्र तिला इतर चाकांपेक्षा बरीच जास्त लागते, 60 पीएसआय. डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा सहसा या पाचव्या चाकाची चौकशी करत नाही, मग तुम्ही तरी का करावी? चार-सहा वर्षं कुणी गेज लावलं नसेल, तर ती हवा आतमध्ये तशीच बसून असणार. जाणार कुठे?

टायरच्या बाजूला कोरलेल्या लांबलचक मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. 2314 असेल तर टायर 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. वापरलेला असो वा नसो, दहा वर्षांनी टायर बदला, असं बऱ्याच कंपन्या सांगतात, आणि त्यातून स्टेपनीलाही सूट नाही. आता एकदाही रस्ता न पाहिलेला, नक्षी शाबूत असलेला असा देखणा टायर बदलायचा? रबर आतून कडक झालंय की नाही, ते वेळ आली की तोच सांगेल.

आता ही स्टेपनी आहे कुठे, ते बघू. काही मिनीव्हॅनमध्ये ती गाडीच्या पोटाखाली, पुढच्या आणि मधल्या सीटच्या दरम्यान तारेला टांगलेली असते. ती खाली सोडायचा नट आतमध्ये, कन्सोलच्या किंवा मॅटच्या खाली एका झाकणाआड दडलेला. झाकण काढायचं, पाना लावायचा आणि फिरवत राहायचं. पोटाखाली इतक्या पावसाळ्यांचा चिखल खाल्लेली तार आधी हलत नाही. मग कुरकुरते. मग अचानक वीतभर खाली येते आणि तिथेच थांबते. तेवढ्यात लक्षात येतं की बसलेल्या टायरमुळे गाडी त्या बाजूला टेकलीय आणि चाक बाहेर ओढण्याएवढी फटच उरलेली नाही. म्हणजे स्टेपनी काढायला आधी जॅक हवा. जॅक मागच्या बाजूच्या कप्प्यात, आणि कप्प्यावर सातही जणांचं सामान. गिटार सगळ्यात वर.

हे सगळं घरी एकदा करून बघा, असं कुणी सुचवेल. अशा माणसापासून चार हात लांब राहा. सपाट फरशीवर, भरपूर उजेडात, पिण्याचं पाणी हाताशी असताना स्टेपनी उतरवण्यात कसली आलीय मजा? तार गंजून अडकलीय हे घरीच कळलं, तर ती दुरुस्त करून घ्यावी लागेल. रस्त्यात कळलं की त्या कटकटीतून सुटका.

जॅकखाली ठेवायला जाड फळी नेऊ नका. भुसभुशीत वाळूत गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जाताना बघण्याची संधी सारखी येत नाही. चाकांमागे दगड लावणं, नट चाक जमिनीवर असतानाच सैल करणं, हे सोपस्कार नवशिक्यांसाठी. गेल्या वेळी ते नट टायरवाल्याच्या गनने किती आवळले गेले असतील, याचा अंदाज पान्यावर उभं राहून आपोआप येतोच. चोरीपासून वाचवणारे खास नट लावले असतील, तर त्यांची किल्ली घरी खणात जपून ठेवा. इतकी महत्त्वाची वस्तू प्रवासात हरवली म्हणजे?

फोन आहेच, असं तुम्ही म्हणाल. आहे की. त्याला रेंज नाही, एवढंच. ज्या रस्त्यावर रेंज आहे त्याला निर्जन म्हणायचं तरी कशाला?

एवढं होऊनही हट्टाने पूर्ण मापाची, हवा तपासलेली स्टेपनी नेणारे लोक असतात. ते ती टपावर पट्ट्यांनी बांधतात, किंवा तिसऱ्या रांगेतली एक सीट पाडून तिथे ठेवतात. अशा गाडीतून सहाच माणसं जातात. त्या सातव्या माणसाला आमंत्रणच द्यायचं नाही, हा उद्धटपणा तुम्हाला जमणार नाही.

शिवाय तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेलीय. बारकी स्टेपनी लागली, सामान पुन्हा भरलं, गिटार पुन्हा वर ठेवली. आता पंक्चर झालेलं मूळ चाक कुठे ठेवणार? स्टेपनीच्या कोनाड्यात ते बहुतेक मावत नाही, कोनाडा बारकीच्या मापाचा. म्हणजे चिखलाने माखलेलं, ब्रेकच्या काळ्या भुकटीने भरलेलं ते चाक आत घ्यावं लागतं. मागच्या रांगेत वयाने सगळ्यात धाकटा कोण, ते बघा आणि त्याच्या मांडीवर द्या. मोठ्यांपुढे तो बोलणार नाही. दुरुस्तीचं पहिलं ठिकाण 140 किलोमीटरवर आहे आणि स्टेपनी 80 च्या बोलीवर आलीय. वजाबाकी त्यालाच करायला सांगा, त्याला पाटी आयतीच मिळालीय.