‘आधी खात्री करा, मग गुन्हा नोंदवा’ या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतो आहे. बाललैंगिक अत्याचाराची तक्रार आली की पोलिसांनी आधी खरंखोटं पाहावं, मगच गुन्हा नोंदवावा. मुलं पढवलेली असतात, फार उशिरा बोलतात, वैद्यकीय तपासणीत काही निघत नाही आणि निर्दोष माणूस नाहक अडकतो, असं त्यात म्हटलंय. वरवर समंजस वाटतो, म्हणूनच तो घातक आहे.

‘आधी खात्री’. दखलपात्र, म्हणजे पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. माहिती खरी आहे की नाही, हे तपासात ठरतं. आणि गुन्हाच नोंदवला नाही तर खात्री कशाने करणार? पंचनामा नाही, दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नाही, आणि तोवर सीसीटीव्हीचं जुनं चित्रण पुसलं जातं. प्रत्यक्षात ‘खात्री’ म्हणजे लेकराला ठाण्यात बसवून तेच तेच पुन्हा वदवून घेणं. पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम 24 नेमकं हे टाळण्यासाठी आहे: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा, रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. बदलापूरमध्ये ऑगस्ट 2024 मध्ये शाळेत अत्याचार झालेल्या चिमुकल्या मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावं लागलं. लोक रुळांवर उतरले, पोलिस निलंबित झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एवढं झाल्यावरही हा सल्ला कुणी कसा देऊ शकतं?

‘मुलं पढवलेली असतात’. द्वेषापोटी खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला पॉक्सोच्या कलम 22 खाली शिक्षा आहे. मुलाला मात्र नाही, आणि ते योग्यच आहे. शिक्षेच्या भीतीने कुठलंच मूल तोंड उघडणार नाही.

‘तपासणीत काही निघालं नाही’. लैंगिक हेतूने केलेला स्पर्शही पॉक्सोखाली गुन्हा आहे आणि त्याची खूण अंगावर राहत नाही. कपड्यांवरून केलेला स्पर्शही त्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं.

‘इतक्या उशिरा का बोलले?’ कारण आरोपी बहुतेकदा ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, शिक्षक. अमुक दिवसांत तक्रार करा, अशी अट पॉक्सोत नाही.

शेवटचा मुद्दा मेसेजमध्ये नाहीच, आणि मला तोच सर्वांत जास्त खुपतो. ‘खात्री’ चालू असताना आरोपीला कुणकुण लागते. तो साक्षीदारांना गाठतो किंवा सरळ फरार होतो. मग फरारी म्हणून जाहीर करा, मालमत्ता जप्त करा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, घोषित फरारी आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवता येतो, पण तोही न्यायालयाने आरोप निश्चित केल्यानंतर 90 दिवस थांबून. तोवर त्या मुलाने मोकळ्या फिरणाऱ्या माणसाच्या धाकात जगायचं का, याचं उत्तर मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी द्यावं.