कोचला शिव्या देण्याआधी चेअरमन बघा

मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडचा फुटबॉल क्लब हरला की आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: "कोच हाकला." मोयेसच्या वेळी हेच, व्हॅन हालच्या वेळी हेच, मग मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, अमोरिम. २०१३ साली तेव्हाचे कोच सर ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले, त्याच वर्षी युनायटेडने शेवटची लीग जिंकली आणि तिथून पुढे आलेल्या प्रत्येक कोचला आमच्या पोरांनी नालायक ठरवलं. या सगळ्या काळात मालक मात्र तेच राहिले, आणि त्यांच्याबद्दल आमच्यातलं कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

२००५ साली अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना विकत घेतली. त्यातले ५० कोटींहून जास्त पैसे कर्जाऊ काढलेले होते, आणि त्या कर्जाचा मोठा बोजा त्यांनी क्लबवरच चढवला. त्याआधी क्लबच्या डोक्यावर कर्ज नव्हतं. म्हणजे घेणारा वेगळा आणि फेडणारा वेगळा. तिकिटं विकून, जर्सी विकून, जगभरातून जाहिराती आणून क्लब जे कमावत होता त्यातून वर्षानुवर्षं व्याज जात राहिलं. फर्ग्युसन होते तोवर ट्रॉफ्या येत होत्या, म्हणून कुणाला झळ जाणवली नाही. ते गेले आणि सगळं उघडं पडलं. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या मॅचनंतर पाऊस कोसळला तेव्हा युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमच्या छतातून खाली प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर पाण्याची धार लागली होती, तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितला असेल. त्याच वर्षी जिम रॅटक्लिफ हे ब्रिटिश उद्योगपती पाव हिस्सा घेऊन आत आले, फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे गेला आणि खर्च कमी करायचा म्हणून अडीचशेच्या आसपास कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. पुढच्या हंगामात युनायटेड पंधराव्या नंबरवर.

"सर, पण खेळाडूंवर किती पैसा ओतला ते बघा की," असं एकजण म्हणतोच. ओतला, खरंय. पण तो क्लबच्याच कमाईचा पैसा होता. कुणाला घ्यायचं हे ठरवणारी माणसं मालकाने नेमलेली होती. दर दोन-तीन वर्षांनी कोच बदलायचा, नव्या कोचला जुन्याचे खेळाडू नको असायचे, मग पुन्हा नवी खरेदी. कोचही चुकतात, यात वाद नाही. पण एवढे सगळे नावाजलेले कोच एकाच जागी येऊन फसत असतील तर जागा तपासायला नको का?

खरं तर चेअरमनचं महत्त्व मराठवाड्यातल्या माणसाला शिकवायची गरज पडू नये. आपण सहकारी साखर कारखाने उभे राहताना बघितले आणि बंद पडतानाही बघितले. तोच ऊस, तेच सभासद, तीच मशिनरी; एका चेअरमनच्या काळात बॉयलर वेळेवर पेटतो, बिलं वेळेवर निघतात, आणि दुसऱ्याच्या काळात कामगारांचे पगार थकतात, मग गाळप बंद, मग बँक ताबा घेते. माझे वडील आमच्या भागातल्या एका कारखान्याचे सभासद होते. वार्षिक अहवाल घरी आला की लोक आधी चेअरमनचं मनोगत आणि फोटो बघायचे. वडील अहवाल मागून उघडायचे. चष्मा कपाळावर सरकवून, पान डोळ्यांजवळ धरून, ताळेबंदात कर्जाच्या रकान्यावर बोट ठेवायचे आणि मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी घेऊन आकडा ताडून बघायचे. सर्वसाधारण सभेत "मंजूर, मंजूर" असा गलका सुरू झाला की उठून प्रश्न विचारणाऱ्या मोजक्या माणसांत ते असायचे. लोक त्यांना "नाना, बसा की आता खाली" म्हणायचे. तो कारखाना आज बंद आहे. वजनकाट्यावर बाभळी उगवल्यात.

फुटबॉल क्लबही मला तसाच वाचावा वाटतो. मागून.

आता एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली, पण आपल्या पोरांना फारशी माहीत नसलेली. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न नावाचं गिरण्यांचं जुनं गाव आहे. तिथल्या जॅक वॉकर नावाच्या पोलाद व्यापाऱ्याने १९९१ च्या सुमारास गावचा क्लब हातात घेतला. स्टेडियम नव्याने बांधलं, केनी डॅलग्लिशला मॅनेजर (म्हणजे कोचच) म्हणून आणलं, ॲलन शिअररला घेतलं, आणि १९९४-९५ ची प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात वरची लीग, ब्लॅकबर्नने जिंकली. २००० साली वॉकर वारले. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, आपल्या पुण्याच्या वेंकीज कंपनीने हा क्लब २.३ कोटी पौंडांना घेतला. एक भारतीय कंपनी, तीही पुण्याची, प्रीमियर लीगमधल्या क्लबची मालक! मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. महिनाभरातच सॅम ॲलरडाइस या मुरलेल्या मॅनेजरला काढलं. २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्याच हंगामाच्या शेवटी विगनविरुद्धच्या मॅचमध्ये चिडलेल्या प्रेक्षकांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. त्यानंतरच्या एकाच हंगामात मॅनेजरमागून मॅनेजर आले आणि गेले, एक तर दोन महिनेही धड टिकला नाही. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. वर्षभरात तिथून वर आला, पण प्रीमियर लीगचं तोंड पुन्हा बघितलेलं नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वेंकीजच्या मालक राव कुटुंबाने क्लब लुटला नाही. उलट दरवर्षी खिशातले पैसे घालत आले. म्हणून तर हे उदाहरण मला सगळ्यात जास्त बोचतं. पैसा होता, इच्छाही असेल, पण फुटबॉल कळणारा माणूस शेजारी ठेवणं आणि त्याला काम करू देणं हे सुरुवातीच्या वर्षांत जमलं नाही. वॉकर त्या गावात वाढलेले होते. पुण्यात बसून ब्लॅकबर्नचा क्लब चालवायचा तर तिथे आपल्या जागी कोण बसणार, हा निर्णय सगळ्यात मोठा असतो, आणि तोच चुकला.

याच्या उलटं उदाहरण ब्रायटनचं. १९९० च्या दशकात क्लब कर्जात होता आणि तेव्हाच्या संचालक मंडळाने गोल्डस्टोन ग्राउंड हे पिढ्यान्‌पिढ्यांचं मैदान विकायला काढलं. मैदान विकून आलेला पैसा संचालकांना घेता येऊ नये असं एक कलम क्लबच्या घटनेत होतं. ते गुपचूप काढून टाकल्याचं चाहत्यांना वर्तमानपत्रातून कळलं. बोंबाबोंब झाल्यावर कलम परत आलं, पण मैदान गेलं ते गेलंच. १९९७ मध्ये तिथे शेवटची मॅच झाली, आज त्या जागेवर दुकानं आहेत. पुढची दोन वर्षं ब्रायटनने आपल्या "घरच्या" मॅचेस शंभरेक किलोमीटरवरच्या जिलिंगहॅममध्ये खेळल्या. मग अॅथलेटिक्सच्या एका मैदानावर तात्पुरते स्टँड टाकून बारा वर्षं काढली. नवीन स्टेडियमच्या परवानगीसाठी चाहत्यांनी मोर्चे काढले, मंत्र्यांना पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या.

२००९ मध्ये टोनी ब्लूम चेअरमन झाले. लहानपणापासून ब्रायटनचेच चाहते. त्यांचे आजोबा आणि काका या क्लबच्या कारभारात होते. आकडेशास्त्राच्या जोरावर बेटिंगमध्ये पैसा कमावलेला माणूस. त्यांनी स्वतःचे पैसे आधी स्टेडियममध्ये घातले, स्टार खेळाडूत नाही. २०११ मध्ये स्टेडियम उभं राहिलं, २०१७ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये आला, २०२३ मध्ये युरोपातल्या स्पर्धेत. मोइसेस काइसेदो हा इक्वेडोरचा पोरगा त्यांनी पन्नास लाख पौंडांच्या आत-बाहेर घेतला आणि चेल्सीला साडेअकरा कोटींपर्यंतच्या सौद्यात विकला. कोच मोठ्या क्लबने पळवला की दुसऱ्याचं नाव आधीच ठरलेलं असतं. गाव तेच, चाहते तेच. खुर्चीतला माणूस बदलला.

चेल्सीचं वेगळं सांगत नाही. २००३ मध्ये अब्रामोविच या रशियन धनाढ्याने १४ कोटी पौंडांना घेतली, दोन वर्षांत पन्नास वर्षांनंतरची लीग आली, आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे त्याच्यावर निर्बंध आले तेव्हा एवढ्या मोठ्या क्लबला जर्सीसुद्धा विकता येईना. एका माणसावर सगळं उभं असलं की असं होतं. लेस्टरचंही दुःख तेच. मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी २०१६ साली अशक्य वाटणारी लीग जिंकून दिली, २०१८ मध्ये त्यांचं हेलिकॉप्टर स्टेडियमच्या बाहेर कोसळून ते गेले, आणि २०२३ मध्ये क्लब खाली गेला.

आपल्याकडे तर परिस्थिती याहून वाईट, कारण मालक गेला की क्लबच राहत नाही. महिंद्रा युनायटेड २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेली टीम. २०१० मध्ये कंपनीने ठरवलं आणि बंद. पुण्यात आधी पुणे एफसी गेली. मग आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेली, तिची जागा हैदराबादला दिली. हैदराबाद २०२२ मध्ये चॅम्पियन झाली, नंतर खेळाडूंचे पगार थकले, मालक बदलले आणि २०२५ मध्ये ती टीम दिल्लीला नेली. पुण्याच्या बालेवाडीत एसटीने जाऊन मॅच बघणाऱ्या आमच्या लातूरच्या पोरांनी आता कुणाचा झेंडा धरायचा?

मोहन बागानचं मात्र वेगळं झालं. २०२० मध्ये कोलकात्याच्या या क्लबचं एटीके या आयएसएलमधल्या टीमशी विलीनीकरण झालं आणि क्लबच्या नावाआधी एटीके लागलं. चाहते पेटले. तीन वर्षं स्टेडियममध्ये, रस्त्यावर, सोशल मीडियावर एकच मागणी. २०२३ मध्ये आयएसएल जिंकल्यावर मालक संजीव गोएंका यांनी ते नाव काढल्याचं जाहीर केलं. शंभर वर्षांहून जुना क्लब, त्याच्या पाठीशी पिढ्या, म्हणून मालकाला ऐकावं लागलं.

सभासदांचा क्लब असला की सगळं आलबेल, असंही मी म्हणणार नाही. बार्सिलोना सभासदांचीच आहे, अध्यक्ष मतदानाने निवडला जातो. तरी बार्तोमेउ अध्यक्ष असताना नेमारला विकून २२ कोटी युरो आले आणि बघता बघता उडाले, कर्जाचा डोंगर झाला, आणि २०२१ मध्ये मेस्सीला रडत जावं लागलं. पण एक फरक बघा. वीस हजारांहून जास्त सभासदांनी अविश्वासाच्या ठरावासाठी सह्या केल्या आणि मतदान व्हायच्या आधीच, ऑक्टोबर २०२० मध्ये, बार्तोमेउला खुर्ची सोडावी लागली. मँचेस्टरमध्ये २०१० पासून लोक हिरवे-पिवळे मफलर घालून ग्लेझरविरुद्ध घोषणा देतायत. काहींनी तर २००५ मध्येच वैतागून स्वतःचा वेगळा क्लब काढला. ग्लेझर आजही आहेत. जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांचा अर्ध्याहून एक जास्त वाटा सभासदांकडे ठेवावाच लागतो. चुका तिथेही होतात, पण चूक करणाऱ्याला घरी पाठवायचा रस्ता तरी उघडा असतो.

आता आपल्या लातूरचं. इथल्या एका क्लबला काही वर्षांपूर्वी एक अध्यक्ष मिळाले. त्यांनी जर्सी दिली, बूट दिले, दिव्यांच्या उजेडात स्पर्धा घेतली. जर्सीवर क्लबचं नाव लहान आणि त्यांचं मोठं, तरी पोरं खूश होती. स्पर्धेच्या दिवशी पाहुणे यायचे होते म्हणून दोन्ही टीम दुपारच्या उन्हात तासभर रांगेत उभ्या होत्या, गोलकीपरच्या पोराला चक्कर आली. पुढे अध्यक्ष निवडणुकीला उभे राहिले, पडले आणि फुटबॉलमधलं त्यांचं लक्ष उडालं. स्पर्धा बंद. गोलपोस्टच्या जाळ्या आणि बॉलची पोती त्यांच्या गोदामात, खताच्या गोण्यांमागे. मागायला गेलं तर "भाऊ बाहेरगावी आहेत." पोरं दोन दगड ठेवून खेळायला लागली. जाळ्या कुणाच्या, तर ज्याने पैसे दिले त्याच्या. क्लबची नोंदणीच नव्हती, मग क्लबच्या मालकीचं काही असणार कसं?

लातूर, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, जालना, हिंगोली, संभाजीनगर, कुठेही फुटबॉलचा क्लब चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पैसे देणारा शोधा, त्याचा मान ठेवा, सत्कार करा. पण त्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन संस्था नोंदवा. बँकेत संस्थेचं खातं काढा, दोन सह्यांचं. बॉल, जाळ्या, जर्सी संस्थेच्या साठा-रजिस्टरवर चढवा. खेळाडूंना आणि पालकांना वर्गणी भरून सभासद करा, मग वर्गणी पन्नास रुपये का असेना. अध्यक्षाची मुदत घटनेत लिहा. वर्षातून एकदा सभा घ्या आणि हिशोब वाचून दाखवा, कुणी प्रश्न विचारला तर त्याला खाली बसवू नका. अध्यक्ष बदलला तर चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, धर्मादाय कार्यालयात वेळेत दाखल करा, नाहीतर कागदावर जुनाच माणूस मालकासारखा बसून राहतो.

आमच्या पोरांची नोंदणीची फाईल या महिन्यात दाखल होतेय. घटनेचा मसुदा एका वकील मित्राने फुकट करून दिलाय, सोप्या मराठीत आहे. ज्यांना हवा त्यांनी इनबॉक्सला गाव आणि क्लबचं नाव टाका, पाठवतो.