बेगोनिया बियांपासूनच लावा, कटिंग काय कुणीही लावतं

बेगोनियाची फांदी तोडून पाण्यात ठेवली की काही आठवड्यांत मुळं फुटतात. रेक्स, म्हणजे रंगीत पानांसाठी लावतात तो बेगोनिया, असेल तर त्याहून सोपं, पानाच्या शिरांना मागून चिरा द्यायच्या, पान ओल्या मातीवर टेकवून ठेवायचं, चिरलं तिथून पिल्लं वर येतात. म्हणूनच हे असलं काही करायचं नाही. इतक्या सुखासुखी आलेल्या रोपाबद्दल चारचौघांत सांगणार काय? तुम्ही बी आणा.

पाकीट उघडलं की आधी वाटेल आपल्याला रिकामंच दिलंय. तसं नाही, कोपऱ्यात चिमूटभर तपकीर दिसतेय ना, तेच बी. एका ग्रॅममध्ये ७०-८० हजार सहज बसतात, त्यामुळे पाकीट उघडताना पंखा फुल स्पीडवर हवा आणि शक्यतो सर्दी झालेली असावी. मी पहिल्याच दिवशी शिंकलो, निम्मं पीक गेलं कुठे ते काही कळलं नाही. काही भित्रे लोक कागदाला मधोमध घडी घालून खाचेतून टिचक्या मारत बी सोडतात, नाहीतर कोरडी बारीक वाळू मिसळून पेरतात, काही तर कोटिंग केलेल्या गोळ्याच विकत घेतात, त्या निदान डोळ्यांना दिसतात. आपण मात्र चिमटीत धरून सोडायचं, म्हणजे अर्धं बोटालाच चिकटून राहतं आणि उरलेलं सगळं एकाच जागी सांडतं.

पेरलं की वरून बोटभर माती, शाळेत शिकवलंय तसं. या बीला उगवायला उजेड लागतो आणि एवढ्याशा जिवाकडे शिदोरी ती कितीशी की माती फोडून वर येईल, त्यामुळे ते उघडंच ठेवतात म्हणे. ठेवोत बापडे. आपल्याला पांघरूण घातल्याशिवाय चैन पडत नाही. मातीही जुन्या कुंडीतलीच घ्या, स्वच्छ कोकोपीट वगैरे नको, जुन्या मातीत चिलटांची अंडी, बुरशी सगळं तयार मिळतं. पाणी घालायचं ते मगाने, जरा उंचावरून. ताटलीत पाणी ठेवून मातीला खालून पिऊ देण्यात कसली आलीय मजा, वरून धार सोडली की सगळं बी वाहत जाऊन एका कोपऱ्यात सभा भरवतं आणि पुढे शोधायला सोपं जातं.

मग झाकण. पारदर्शक झाकण ओल टिकावी म्हणून असतं, ते तासातासाला उघडून बघायचं. उगवायला २ ते ३ आठवडे लागतात, तेही तापमान २१ ते २४ डिग्री राहिलं तर, पण तुम्ही उघडून बघितलं तर काय सांगावं, लाजून लवकर येतील. गरम हवं म्हणून ट्रे भर उन्हात ठेवला तरी चालेल, झाकणासकट त्याचा अर्ध्या दिवसात कुकर होतो, फक्त शिट्टी होत नाही.

नवव्या-दहाव्या दिवशी मातीवर हिरवी झाक दिसेल. लगेच फोटो काढून सगळ्यांना पाठवा. ते शेवाळ असतं. मी भिंग घेऊन, रोज दोनदा स्प्रे मारून तीन आठवडे शेवाळ जोपासलंय, आणि खरं सांगतो, इतकं सुंदर शेवाळ मी परत कुठे पाहिलं नाही.

खरी रोपं आली तर ती खसखशीपेक्षा फार मोठी नसतात, दोन हिरवे ठिपके, बस. आणि मग ती थांबतात. म्हणजे वाढतच नाहीत, आठवडाभर बघा, दोन आठवडे बघा, तेच ठिपके. आतून काहीतरी चाललेलं असतं, पण आपल्याला दिसत नाही ते चालत नाही असं धरायचं आणि चमचाभर खत मारायचं. शिवाय माती कायम चिकचिकीत ठेवायची, हवा लागू द्यायची नाही. मग एका सकाळी तुम्ही बघता तर कालपर्यंत उभी असलेली रोपं आडवी, देठ मातीला टेकतो तिथे कुणीतरी नखाने दाबल्यासारखा बारीक झालेला, वर कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी. रात्री चाळीस होती, सकाळी अकरा. याला कोलमडणं म्हणतात, रोपांच्या बाबतीतही.

त्या अकरांना वेगळं करताना टूथपिकने उचलून पानाला धरायचं असतं, कारण पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चेंगरला की संपलं. म्हणून देठालाच घट्ट धरा.

मिशेल बेगाँ नावाचा एक फ्रेंच अधिकारी होता (१६३८-१७१०), शार्ल प्लुमिए या वनस्पतीतज्ज्ञाने त्याच्या सन्मानार्थ बेगोनियाला हे नाव दिलं. तुमचा कुणी असा सन्मान करू लागलं तर आधी विचारून घ्या, बियांपासून वाढवणं कंपल्सरी आहे का.

आणि एवढं करून फूल आलंच, पेरल्यापासून चार-सहा महिन्यांनी, तर त्याचं बी धरायचं. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात, मादीच्या पाकळ्यांमागे पंखवाली बोंडी असते, ती ओळखून नेमकी तीच वाळकी समजून खुडून टाका. हायब्रिड असेल तर हळहळायचंही कारण नाही, त्याच्या बीतून तसंच झाड येत नाही.

माझ्या शिंकेचं सांगायचं राहिलं. त्या टेबलाशेजारी नेच्याची एक कुंडी होती, सावलीतली, मी तिला पाणी घालायचं सोडून कधी हात लावत नाही. चार महिन्यांनी तिच्या कडेला एक गुबगुबीत बेगोनिया उभा, चार पानं, कडा लालसर, कुणी झाकण ठेवलं नव्हतं आणि कुणी उघडलंही नव्हतं.

मी अर्थातच लगेच उपटून त्याला चांगल्या कुंडीत हलवलं. तीन दिवस टिकला.