इथे पेन उचललंय

संध्याकाळी एका ठिकाणी नसरीन मोहमदीच्या, म्हणजे नुसत्या रेषांची अमूर्त चित्रं काढणाऱ्या चित्रकार बाईच्या, चित्रांवर स्लाइड-शो होता. तासाभराचा. हातातली कामं तशीच टाकून गेले, पंधरा मिनिटं आधी पोचले, दुसऱ्या रांगेत जागा धरली. आणि आत्ता घरी येऊन पर्ससुद्धा खांद्यावरून न काढता लिहायला बसले आहे. नाही लिहिलं तर झोप यायची नाही.

तासातली पहिली चाळीस मिनिटं काय चाललं होतं सांगू? आई लहानपणीच गेली. लग्न केलं नाही. मग आजार, शरीराचा तोल जाणं, हातांवरचा ताबा सुटत जाणं. मग १९९० साली मृत्यू. पडद्यावर तिची रेखाटनं सरकत होती, एकेक दहा सेकंद, आणि पुढे उभे असलेले गृहस्थ तिच्या दुःखांची यादी वाचत होते. शेवटी प्रश्नोत्तरं. मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे या ज्या जाळ्या तिने काढल्या, तो तिचा पिंजराच म्हणायचा ना?" वक्त्यांनी मान डोलावली. सगळ्या खोलीत 'अच्छा, अच्छा' असा समाधानाचा आवाज फिरला. कोडं सुटलं एकदाचं. बाई दुःखी होती म्हणून रेघा मारत बसली.

मी उठून बाहेर आले.

माझी मावशी ट्रेसर होती. सरकारी मराठीत 'अनुरेखक'. इंजिनियरने पेन्सिलीत काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून बसवायचं आणि काळ्या शाईने तो अख्खा नकाशा पुन्हा काढायचा, हे तिचं तीस वर्षांचं काम. घाईचं काम असलं की रविवारी ती बोर्ड घरी घेऊन यायची. कापडावर आधी खडूची पूड चोळायची, म्हणजे शाई नीट धरते. मग रूलिंग पेन. त्याच्या दोन पात्यांमध्ये शाईचा थेंब सोडायचा, बाजूचा स्क्रू फिरवून रेघेची जाडी ठरवायची, आणि टी-स्क्वेअरच्या कडेने एका दमात रेघ ओढायची. एका दमात म्हणजे अक्षरशः. ती श्वास रोखून धरायची. आम्हा मुलांनाही त्या वेळी बोलायची बंदी, आणि ओल्या हाताने टेबलाजवळ जायचं नाही ही दुसरी. त्या कापडावर पाण्याचा एक थेंब पडला तरी तिथली खळ उतरते आणि डाग कायमचा राहतो. रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडने शाई अलगद खरवडायची, पण ते तिला मनापासून आवडायचं नाही. "खरवडलेली जागा माझी मला दिसते," म्हणायची.

तीस वर्षांत तिला एकदाही कुणी विचारलं नाही की बाई, या रेघांमध्ये तुमचं कोणतं दुःख आहे. का विचारतील? रेघ सरळ आहे की नाही, एवढंच लोक बघायचे. ते बघणं मला आज फार मोलाचं वाटायला लागलंय.

तुम्हा मंडळींना नसरीन नव्याने सांगायला नको, पण आजच्या खोलीत जे कुणी सांगितलं नाही ते लिहितेच. १९३७ साली कराचीत जन्म, लहानपणी मुंबईत आली, १९५०च्या दशकात लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकली. परत आल्यावर मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागली, जिथे अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेही होते. १९६१ साली मुंबईत गॅलरी ५९ मध्ये पहिलं एकल प्रदर्शन, मग दोनेक वर्षं पॅरिस. १९७२ पासून शेवटपर्यंत बडोद्याला शिकवत होती. सुरुवातीच्या कामात शाईचे ओले, पसरणारे ओघळ आहेत, झाडाच्या फांद्यांचा भास होतो. हळूहळू ते सगळं ती गाळत गेली. रंग गेला, वस्तू गेल्या, ब्रशसुद्धा गेला. सत्तरच्या दशकात उरली फक्त आडव्या-उभ्या रेषांची वीण, आणि ऐंशीच्या दशकात तर ती वीणही सुटली. कागदाच्या रिकाम्या पांढऱ्यात दोन-चार तिरक्या रेषा, एखादा कंसाचा तुकडा, बस. कागदाला कुठे टेकलेत असं वाटतच नाही. पिंजरा म्हणे! पिंजरा असलाच तर तो तिने स्वतःच्या हाताने उसवला की हो. शेवटची चित्रं नीट बघितली असती तर तो प्रश्न विचारायला तोंड उघडलं नसतं कुणाचं. पण दहा सेकंदांत कुणाला काय दिसणार.

आणि हे फक्त बायकांच्या वाट्याला का येतं, ते मला सांगा. गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, वर्षानुवर्षं एकटे राहिले. १९८४ साली त्यांना मोठा अपघात झाला, पुढे मोठे कॅनव्हास करणं अवघड झालं. त्यांच्या चित्रांवर बोलताना आपण काय बोलतो? मौन, झेन, प्रकाश, अवकाश. बोलायलाच हवं तसं, चित्रं त्या तोलाचीच आहेत. पण तोच न्याय इकडे का नाही? गायतोंडे एकटे राहिले तर तो एकांत, आणि नसरीन एकटी राहिली तर तो एकटेपणा. पुरुषाने अमूर्त काढलं की तो विचार करत असतो, बाईने काढलं की ती सोसत असते.

राग येतो हो. खूप राग येतो.

आयुष्याचा चित्राशी काहीच संबंध नसतो असं मी म्हणत नाही, मान्य आहे. चित्रकार झरीना हाश्मीचं 'डिव्हायडिंग लाइन' हे चित्र फाळणी बाजूला ठेवून बघता येत नाही. ती एकच नागमोडी काळी रेषा सरहद्दीचीच आहे, तिने ते लपवलेलंही नाही. पण तो दरवाजा झरीनाने स्वतः उघडून दिला. चित्रांना नावं दिली, त्यावर उर्दू शब्द लिहिले. नसरीनने बहुतेक चित्रांना नावच दिलं नाही, तारीखही घातली नाही. डायऱ्या लिहिल्या, पण त्यांच्याही पानांवर कितीतरी ओळी शाईच्या पट्ट्यांनी बुजवून टाकल्या, इतक्या की शब्दांचं पान उरलं नाही, त्याचं चित्र झालं. जी बाई स्वतःचे शब्द स्वतः मिटवत होती, तिच्या नावाने आपण चाळीस मिनिटं तिचं चरित्र सांगायचं?

आजाराबद्दलही मी कबूल करते. शरीर हाताबाहेर जात असताना इतकी बारीक, इतकी काटेकोर रेषा येत होती, हे कळल्यावर अंगावर काटा येतो, माझ्याही आला होता. पण कौतुक थरथरीचं नका करू. ती थरथर कागदावर कुठेच नाही, आणि कागदावर जे आहे तेच तर तिने आपल्यासाठी ठेवलंय.

पुन्हा मावशीकडे येते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नसरीनच्या चित्रांचा कॅटलॉग आला. मी तो घेऊन तिच्याकडे गेले, मुद्दाम काहीच सांगितलं नाही, नुसता समोर ठेवला. मावशीने कधी गॅलरीची पायरी चढलेली नाही. तिने चष्मा बदलला, पान उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ गप्प बसली. मग बोट कागदाच्या वर अधांतरी धरून (टेकवायचं नाही, जुनी सवय) एका रेषेवरून सरकवत नेलं. आणि थांबली. "बघ," म्हणाली, "इथे पेन उचललंय. आणि इथे परत टेकवलंय. जाडी जरासुद्धा बदललेली नाही. शाबास गं." पुढचं पान. "इथे रेघांमधलं अंतर हळूहळू वाढवत नेलंय. मोजून नाही वाढवलेलं, डोळ्याने वाढवलंय." मग मला विचारलं, "हा कसला नकाशा आहे?" मी म्हटलं, कसलाच नाही, चित्र आहे. ती पुन्हा बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे खाली पेन्सिलीचं काहीच नव्हतं? कुणाचं काही गिरवायचं नव्हतं?" मी म्हटलं, नाही. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून शब्दांत पकडता आलेलं नाही. जन्मभर दुसऱ्याची रेघ गिरवलेल्या बाईने पहिल्यांदाच अशी रेघ बघितली, जिच्या खाली दुसऱ्या कुणाची रेघ नव्हती.

अमूर्त म्हणजे काय, यावर मी पुष्कळ वाचलंय. इतकं नेमकं कुठेच सापडलं नाही.

बाहेरच्या जगाने नसरीनकडे उशिरा का होईना, पण नीट बघितलं. २००७ साली जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात, २०१४ साली टेट लिव्हरपूल संग्रहालयात, २०१५ साली माद्रिदच्या रैना सोफिया संग्रहालयात. २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची मेट ब्रॉयर ही शाखा उघडली, तेव्हा उद्घाटनाच्या दोन मोठ्या प्रदर्शनांपैकी एक तिचं होतं. त्याआधी २०१३ साली दिल्लीत किरण नाडर संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं, म्हणजे आपण अगदीच मागे होतो असंही नाही. पण तिकडेही काही जण तिला 'भारताची ॲग्नेस मार्टिन' म्हणतात, तेव्हा माझा जीव वरखाली होतो. त्या अमेरिकन अमूर्त चित्रकार ॲग्नेस मार्टिनच्या जाळ्या मलाही आवडतात. पण मग तिला कुणी अमेरिकेची नसरीन म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही.

आणि तिचे फोटो! ते तर आज पडद्यावर आलेच नाहीत, वेळ संपली. तिने काढलेले कृष्णधवल फोटो तिच्या हयातीत कधी प्रदर्शनात लागले नाहीत. मागावर ताणलेले धागे, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, चंदीगडच्या इमारती, आणि किहीमचा समुद्र. आपलं अलिबागजवळचं किहीम, तिथेच तिचा मृत्यू झाला. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर पाण्याच्या ज्या रेघा उरतात, त्या आपण सगळ्यांनी बघितल्यात, त्यावरून भेळ खात चालत गेलोय. ती थांबली आणि बघत राहिली. तिच्या रेषा कुठून आल्या असतील असं विचारायचंच असेल, तर त्या वाळूला विचारा, मागाच्या धाग्यांना विचारा. दर वेळी तिच्या न झालेल्या लग्नालाच का विचारायचं?

मघाशी ज्यांनी पिंजऱ्याचा प्रश्न विचारला, त्यांच्यावर आता तेवढा राग राहिला नाही. बिचारे संध्याकाळ काढून आले होते. चाळीस मिनिटं त्यांच्या कानावर जे घातलं गेलं, त्याचंच उत्तर त्यांनी शोधलं. त्यांना कुणी सांगितलंच नाही की पुढे जाऊन वाकून बघा, पेन कुठे उचललंय ते शोधा. वक्त्यांवरचा राग मात्र आहे तसाच आहे.

लिहिता लिहिता मध्येच मावशीला फोन केला. ती आता ऐंशी पार आहे, तिचेही हात कापतात, पेन धरवत नाही. सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "चित्रं तरी दाखवली ना सगळी?"

"दाखवली. दहा-दहा सेकंद."

"दहा सेकंदांत माझी शाई वाळायची नाही," मावशी म्हणाली. आणि मग, "रविवारी ये. ते पुस्तक आण. मी भिंग काढून ठेवते."